रबर, ऊब आणि ११ सेकंदांचं उड्डाण

आजचा भाग ऐकताना हाताशी एक रुंद रबरबँड घ्या. झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. कोमट लागलं ना? आता ताणलेलंच थोडा वेळ धरा, मग सैल सोडा आणि परत ओठाला लावा. गार! हा अनुभव इंग्लंडच्या जॉन गफ यांनी १८०५ मध्ये छापून मांडला. गफ अंध होते, त्यामुळे स्पर्श हीच त्यांची प्रयोगशाळा. ताणलेलं रबर तापवलं की सैल पडत नाही, उलट जास्त जोरानं आखडतं, हेही त्यांनी सांगितलं.

असं का? रबराचे रेणू म्हणजे गुंतलेले लांब दोरे. ताणलं की सरळ होतात. उष्णता त्यांना हलवते, ते पुन्हा गुंतायला बघतात आणि ओढ वाढते.

पण कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला आणि रबर भरवशाचं झालं.

आता पॅरिसला जाऊ. १८ ऑगस्ट १८७१, ट्युलरी बाग. २१ वर्षांच्या अल्फाँस पेनोने रबराला पीळ देऊन एक छोटं विमान सोडलं. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेलं, तेही तोल सांभाळत!

महिना ऑगस्टचा होता, हेही लक्षात घ्या. थंड रबर पिळताना आतल्या आत घासतं, कमी पीळ घेतं, लवकर तुटतं. उबदार रबर जास्त पीळ घेतं. पण फार तापलं, किंवा पिळून तसंच ठेवलं, तर दम सोडतं. म्हणून मॉडेल उडवणाऱ्यांनी थंडीत रबर खिशात ठेवावं आणि कडक उन्हात सावलीत.

पेनोला खरं, माणूस बसेल असं विमान बनवायचं होतं. १८७६ मध्ये त्याने पेटंटही घेतलं, पण पैसा मिळाला नाही. १८८० मध्ये, तिशीतच, त्याने आयुष्य संपवलं.

मला मात्र एक तारीख सोडत नाही. बागेतल्या त्या उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, अमेरिकेत एक मूल जन्मलं. सात वर्षांनी वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला पेनोच्या धर्तीचं रबरावर उडणारं खेळणं आणून दिलं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'वटवाघूळ'.

त्या मुलाचं नाव ऑर्व्हिल राइट.