काचतंतू आणि राळ : होडीतील काही शब्दांचा इतिहास

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांच्या किनाऱ्यावर आज लाकडी नौकांच्या जोडीला 'फायबर'च्या होड्या दिसतात. हा शब्द आपल्या घरोघरी रुळला आहे. परंतु शब्द जिभेवर बसला म्हणजे वस्तू उमगली, असे नव्हे. म्हणून त्याची पूर्वपीठिका ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

दोन भिन्न पदार्थ एकत्र बांधून तिसरा घडविण्याची कल्पना आपणांस नवी नाही. कारवीच्या कुडावर शेणमातीचा गिलावा दिला की भिंत उभी राहते. काठ्या ताण सोसतात, माती त्यांस जागच्या जागी धरून ठेवते. नव्या होडीत काठ्यांचे काम काचेचे तंतू करतात आणि मातीचे काम कृत्रिम राळ करते. राळ हा शब्द तर नौका बांधणाऱ्या सुतारांचा जुना सोबती होय. मात्र त्यांची राळ झाडाच्या खोडातून पाझरे. आजची कारखान्यात जन्मते.

काचेचे धागे ओढण्याची कला प्राचीन मिसर देशातही होती. १८९३ साली शिकागो येथील प्रदर्शनात एडवर्ड लिबी याने काचधाग्यांचे वस्त्र मांडले होते. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर याने वितळलेल्या काचेचे बारीक तंतू विपुल प्रमाणात काढण्याची रीत बसविली. १९३८ साली स्थापन झालेल्या ओवेन्स-कॉर्निंग कंपनीने त्या मालाचे व्यापारी नाव 'फायबरग्लास' ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या तंतूंस पॉलिएस्टर राळेची जोड मिळाली व लहान होड्या होऊ लागल्या. इंग्लंडात या पदार्थास 'जीआरपी', आपल्याकडील कारखान्यांत 'एफआरपी' म्हणतात. बंदरावर 'फायबर' एवढेच उरले. नावातून राळ गळाली, आणि जोखीम तर तिच्यापाशीच आहे!

पॉलिएस्टर राळ घट्ट होण्यास दोन द्रव्ये लागतात. एक जांभळट कोबाल्टचे. त्यास 'ॲक्सिलरेटर' म्हणतात. दुसरे पाण्यासारखे दिसणारे पेरॉक्साइड. ते साधारणतः शेकडा एक ते दोन टक्के घालतात. त्यास 'कॅटॅलिस्ट' म्हणण्याची रूढी आहे, पण ते नाव शास्त्रास धरून नाही. कारण खरा उत्प्रेरक क्रियेत खर्ची पडत नाही, हे द्रव्य पडते. कित्येक ठिकाणी त्यालाच 'हार्डनर'ही म्हणतात. वास्तविक हार्डनर हा इपॉक्सी राळेचा सोबती असून त्याचे प्रमाण पुष्कळच अधिक असते. एकाच नावाने दोन निराळी द्रव्ये ओळखली गेली, तर मापात घोटाळा व्हावयास कितीसा वेळ?

याहून गंभीर गोष्ट अशी की, कोबाल्ट आणि पेरॉक्साइड ही दोन्ही द्रव्ये एकमेकांत थेट मिसळल्यास आग लागते, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण ढवळून मगच पेरॉक्साइड घालावयाचे, हा नियम होय. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचे भय असते.

हा विषय केवळ होडीवाल्यांचा नव्हे. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे बोईसर-तारापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत आम्लाच्या टाक्या, नळ व अस्तरे याच पदार्थाची असतात. आपली मुले तेथे कामास जातात आणि साहेबांची इंग्रजी नावे ऐकून शिकतात.

म्हणून आमची विनंती आहे की, पेरॉक्साइडला 'आरंभक' व कोबाल्टला 'त्वरक' म्हणावे, 'हार्डनर' हे नाव इपॉक्सीपुरतेच राखावे, आणि प्रत्येक गावच्या कार्यशाळेत डब्यांवर ही नावे ठळक मराठी अक्षरांत लिहावीत. दोन्ही डबे एका फळीवर ठेवू नयेत. पूर्वजांनी समुद्रावरील प्रत्येक वाऱ्यास वेगळे नाव दिले, कारण त्यावर जीव अवलंबून होता. या डब्यांचेही तसेच आहे.