बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची जखमेची गुंतागुंत

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची जखमेची गुंतागुंत म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर व आतडी यांवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर जखमा भरून येताना उद्भवणारे अडथळे. जंतुसंसर्ग होणे, त्वचेखाली पाणी किंवा रक्त साचणे, टाके उसवणे, छेदाच्या जागी हर्निया होणे यांचा त्यांत समावेश होतो. पोटावरील जखमेचे बहुतेक अडथळे किरकोळ असतात आणि वेळीच उपचार केल्यास काही आठवड्यांत बरे होतात. जठराच्या शिवणीतून होणारी गळती ही मात्र आतील जखमेची गुंतागुंत असून ती जिवावर बेतू शकते.

जखम भरण्यासाठी शरीराला प्रथिनांची गरज वाढते, नेमक्या त्याच काळात रुग्णाची खाण्याची क्षमता अत्यंत कमी झालेली असते. हे या शस्त्रक्रियेचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे जखमेची निगा आणि आहार या येथे दोन वेगळ्या बाबी राहत नाहीत.

पार्श्वभूमी

जठर लहान करून ते आतड्याला जोडण्याची गॅस्ट्रिक बायपास ही पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये सुरू केली. त्या काळी पोटावर मोठा उभा छेद घेतला जाई आणि जखमेचा संसर्ग व हर्निया यांचे प्रमाण बरेच असे. १९९४ मध्ये दुर्बिणीद्वारे केलेल्या गॅस्ट्रिक बायपासची माहिती प्रसिद्ध झाली. त्यानंतर ५ ते १२ मिलिमीटरच्या चार-सहा छिद्रांतून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली आणि जखमेची गुंतागुंत पुष्कळ घटली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती आतड्याला जोडतात.

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया सर्वसामान्यांच्या चर्चेत येण्यास सार्वजनिक जीवनातील व्यक्तींचाही हातभार लागला. नागपूरचे नितीन गडकरी यांनी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली.

भारतीय वैद्यकशास्त्रात व्रणाच्या शुश्रूषेचा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 'व्रणितोपासनीय' हा अध्याय शस्त्रकर्मापेक्षा त्यानंतरच्या देखभालीविषयी आहे. रुग्णाची खोली, शय्या, सोबत आणि आहार यांचा त्यात विचार केलेला आहे. 'व्रण' हा शब्द संस्कृतात जखम या अर्थी येतो. आजच्या मराठीत मात्र तो जखम भरल्यावर मागे राहणाऱ्या खुणेसाठीही वापरतात.

जखम भरण्याची प्रक्रिया

पहिल्या तीन-चार दिवसांत जखमेभोवती थोडी सूज, लाली व दुखरेपणा असतो. हा दाह स्वाभाविक असून पांढऱ्या पेशी याच काळात जंतू व मृत पेशी दूर करतात. त्यानंतर सुमारे तीन आठवडे नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजन तयार होत राहते. पुढे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ व्रण हळूहळू पक्का होत जातो, तरी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपेक्षा अधिक बळकटी त्याला येत नाही. कोलॅजन हे प्रथिन आहे आणि ते घडण्यासाठी क जीवनसत्त्व, लोह व जस्त लागते. यांपैकी कशाचीही उणीव राहिली की जखम रेंगाळते.

कारणे

चरबीच्या जाड थरात रक्तवाहिन्या तुलनेने विरळ असतात. त्यामुळे तेथे प्राणवायू व प्रतिजैविक औषधे कमी पोहोचतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीच्या तासाभरात दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाची मात्रा वजनानुसार ठरवतात. उदाहरणार्थ, सेफाझोलिन हे औषध १२० किलो व त्याहून अधिक वजनाच्या रुग्णास २ ग्रॅमऐवजी ३ ग्रॅम देण्याची शिफारस आहे. स्थूल व्यक्तींमध्ये मधुमेहाचे प्रमाण अधिक असते आणि रक्तातील साखर वाढलेली राहिल्यास पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते.

तंबाखू हे टाळता येण्याजोगे मोठे कारण आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखमेचा रक्तपुरवठा घटतो. नागपूर व विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. धूर नसल्याने खर्रा जखमेला बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते. विडी-सिगारेट व खर्रा हे दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार ते सहा आठवडे बंद करणे आवश्यक असते आणि नंतर ते पुन्हा सुरू करू नयेत. बायपासनंतर धूम्रपानामुळे जठर व आतड्याच्या जोडावर व्रण होण्याचा धोकाही वाढतो.

हवामानाचाही परिणाम होतो. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोटाच्या वळ्यांत घाम साचून त्वचा ओलसर राहते, सोलवटते आणि तेथे बुरशी व जंतू वाढतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे घाम लवकर वाळत नाही, तेव्हाही हीच अडचण येते.

प्रकार

वरवरचा संसर्ग : शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जखमेभोवतीची लाली पसरते, जागा गरम लागते, ठणका वाढतो व पू येतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत कापलेला जठराचा भाग ज्या छिद्रातून बाहेर काढतात, त्या जागी अधिक लक्ष ठेवावे लागते.

सेरोमा व रक्तगाठ : त्वचेखालच्या पोकळीत पिवळसर, पातळ द्रव साचल्यास त्यास सेरोमा म्हणतात. छेदातून लस गळू लागली व कपडे ओले झाले की रुग्ण घाबरतो. परंतु द्रवास दुर्गंधी नसेल, ताप नसेल, तर सेरोमा सहसा निर्धोक असतो. तो लहान असल्यास आपोआप जिरतो. मोठा सेरोमा डॉक्टर सुईने काढतात. रक्त साचून झालेली गाठ निळसर व टणक लागते.

टाके उसवणे : केवळ त्वचा उघडल्यास जखम उघडी ठेवून तळापासून भरू देतात. स्नायूंवरील मजबूत आवरण उसवल्यास मात्र आतडे बाहेर येऊ शकते. हा प्रकार प्रामुख्याने मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत आढळतो. अशा वेळी आतडे आत ढकलण्याचा प्रयत्न न करता स्वच्छ ओल्या कापडाने झाकून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

उशिरा होणारा मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग : दुर्बिणीची उपकरणे पुरेशी निर्जंतुक न झाल्यास पाण्यात व मातीत आढळणारे क्षयरोगेतर मायकोबॅक्टेरिया जखमेत शिरू शकतात. भरलेली जखम तीन-चार आठवड्यांनंतर किंवा त्याहूनही उशिरा पुन्हा फुगते, गाठ होते व पाण्यासारखा स्राव वाहू लागतो. नेहमीची प्रतिजैविके येथे लागू पडत नाहीत. स्रावाची किंवा ऊतीची विशेष तपासणी करून अनेक आठवडे ते काही महिने औषधे घ्यावी लागतात.

शिवणीतील गळती : जठराच्या पिनांच्या ओळीतून किंवा आतड्याच्या जोडातून पाचक रस पोटाच्या पोकळीत झिरपतो. बाहेरची जखम उत्तम दिसत असतानाही ही गळती असू शकते. पहिल्या दहा दिवसांत तिचा धोका अधिक असला, तरी स्लीव्हनंतर ती काही आठवड्यांनीही उद्भवू शकते.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधणे आवश्यक असते :

* विश्रांती घेत असतानाही नाडीचे ठोके मिनिटास १२० हून अधिक राहणे
* ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप किंवा थंडी वाजणे
* पोटात वाढत जाणारी वेदना, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे
* पाण्याचा घोटही न टिकणे, लघवी फार कमी होणे
* जखमेतून दुर्गंधीयुक्त, हिरवट किंवा अन्नासारखा स्राव येणे
* जखमेभोवतीची त्वचा झपाट्याने लाल, काळपट किंवा बधिर होणे

स्थूल रुग्णाचे पोट तपासताना एरवी आढळणारा कडकपणा हाताला लागेलच असे नाही. म्हणून वाढलेली नाडी हे गळतीचे सर्वांत महत्त्वाचे व अनेकदा पहिले लक्षण मानले जाते.

विदर्भातील रुग्णांपुढील अडचणी

धंतोली व रामदासपेठ हे नागपुरातील भाग रुग्णालयांसाठी ओळखले जातात. विदर्भासह मध्य प्रदेशातील बालाघाट, शिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांतून आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण उपचारांसाठी नागपुरास येतात. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेला रुग्ण काही दिवसांतच घरी जातो आणि गुंतागुंत मात्र बहुधा त्यानंतर दिसू लागते. चंद्रपूर सुमारे १५० व गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे रुग्ण प्रथम गावातील डॉक्टरांकडे जातो. शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार त्यांना ठाऊक नसल्यास पोटदुखी आम्लपित्ताची समजली जाण्याची शक्यता असते.

काही रुग्ण लोकनिंदेच्या भीतीने शस्त्रक्रियेची गोष्ट नातेवाइकांपासून व स्थानिक डॉक्टरांपासूनही लपवतात. असे लपवणे गळतीच्या प्रसंगी घातक ठरू शकते. रुग्णालयातून सुटी होताना मिळालेले कार्ड जवळ बाळगणे, त्यावरील शस्त्रक्रियेचे नाव व तारीख घरातील किमान एका व्यक्तीस माहीत असणे आणि पहिले दोन आठवडे शक्यतो नागपुरात किंवा जवळपास राहणे हितावह असते. तातडीच्या प्रसंगी राज्यात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घरची निगा

ड्रेसिंगला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. सर्वसाधारणपणे ४८ तासांनंतर, शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने, अंघोळ करता येते. त्यानंतर जखम न चोळता स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी. हळद, तेल, राख, टाल्कम पावडर किंवा तीव्र जंतुनाशक जखमेवर लावू नये. त्यांमुळे नव्या पेशींना इजा होते किंवा त्वचेस ॲलर्जी येते. पोटाच्या वळ्यांत मऊ सुती कापडाची घडी ठेवून ती ओली होताच बदलावी. साडीच्या परकराची नाडी, पायजम्याचा नाडा किंवा कमरपट्टा छिद्रांवर काचत असल्यास काही आठवडे सैल गाऊन किंवा सदरा वापरणे सोयीचे ठरते. कुलरच्या टाकीतील साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ते पाणी जखमेवर उडू देऊ नये व टाकी साफ केल्यावर हात धुवावेत.

खोकताना किंवा शिंकताना पोटावर उशी दाबून धरल्यास टाक्यांवर ताण येत नाही. रोज थोडे चालणे आवश्यक असते. मात्र चार ते सहा आठवडे पाच किलोहून अधिक वजन उचलू नये. पाण्याने भरलेली घरगुती बादली याच्या तिप्पट-चौपट जड असते.

वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. बायपासनंतर त्यांमुळे जोडावर व्रण व रक्तस्राव होऊ शकतो. प्रतिजैविकेही मनाने सुरू करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील साखर झपाट्याने उतरते, त्यामुळे मधुमेहाच्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी लागते.

आहार

पहिले एक-दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतर घोटलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वसाधारण निकष आहे. वरणाच्या निवळीत प्रथिने फार थोडी असतात. केवळ निवळी व भाताच्या पेजेवर राहिलेल्या रुग्णाचे वजन उतरते, पण जखम भरत नाही. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधातून ६ ते ७ ग्रॅम व १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. आरंभी एवढे खाणे शक्य नसल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांची भुकटी दूध किंवा ताकात मिसळून देतात.

नागपुरी संत्र्यातून क जीवनसत्त्व मिळते. मात्र फोडींवरील साल व पांढरे तंतू लहान झालेल्या जठरात अडकून त्यांचा गोळा होऊ शकतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत गाळलेला रस, तोही पाणी घालून व थोडा थोडा घ्यावा. बायपास झालेल्यांना उसाचा रस व साखरेची सरबते घेतल्यास घाम, धडधड व जुलाब यांचा त्रास होऊ शकतो. तेलकट व जहाल तिखट सावजी रस्सा या काळात वर्ज्य असतो. दिवसभरात सुमारे दीड लिटर पाणी घोट-घोट प्यावे. ते जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व इत्यादींच्या गोळ्या जखम भरल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात.

उपचार

पू झालेली जखम उघडून पू वाहू देणे, हा संसर्गावरील मुख्य उपचार आहे. केवळ गोळ्यांनी साचलेला पू जात नाही. पुवाची तपासणी करून योग्य प्रतिजैविक निवडतात. उघडी जखम नियमित ड्रेसिंगने तळापासून भरत येते. खोल जखमेसाठी हवेचा ऋण दाब देणारे यंत्र वापरतात, त्यामुळे स्राव शोषला जाऊन रक्तपुरवठा सुधारतो. गळतीचे निदान सामान्यतः सीटी स्कॅनने होते. नळीद्वारे स्राव बाहेर काढणे, तोंडावाटे अन्न थांबवून अन्य मार्गाने पोषण देणे, दुर्बिणीतून स्टेंट बसवणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे, हे पर्याय रुग्णाच्या अवस्थेनुसार योजतात.

उशिराचे परिणाम

काही महिन्यांनी छेदाच्या जागी उभे राहिल्यावर फुगवटा दिसल्यास तो हर्निया असू शकतो. वजन उतरल्यानंतर लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया वजन स्थिरावल्यावर, साधारणतः १२ ते १८ महिन्यांनी करतात. तिच्यातही जखमेची गुंतागुंत वारंवार आढळते. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन व प्रथिने तपासून उणीव भरून काढतात.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार १८ वर्षांवरील व्यक्तीचा बॉडी मास इंडेक्स ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत ठरावीक गंभीर आजार असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जात नाही. सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया मात्र सहसा सौंदर्यविषयक मानली जाते.