उजनीची बुडीत गावे आणि पंच कार्डांचे दशक

उजनी धरणाचे बांधकाम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. भारतातल्या पहिल्या मेनफ्रेम संगणकांचा भरही साधारण ह्याच वर्षांतला. आयुर्विमा महामंडळाने मुंबईत आयबीएम १४०१ हे यंत्र १९६५ च्या सुमारास आणले आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. ह्या दोन तारखांच्या मध्ये करमाळ्याच्या केत्तूर, कुगाव, चिखलठाण ह्या गावांपासून इंदापूरच्या पळसदेवपर्यंत भीमाकाठच्या जमिनी संपादित होत होत्या. एकाच राज्यात, एकाच दशकात हे दोन्ही घडले, तरी दोन्हींचे कागद एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

एका बाजूला आहेत स्वयंचलनावरच्या दांडेकर समितीचा अहवाल, सरकारी खात्यांतल्या संगणकांवरचा संसदेच्या लोकलेखा समितीचा अहवाल आणि यंत्रांची माहितीपत्रके. दुसऱ्या बाजूला आहेत १९७१ च्या जनगणनेची सोलापूर जिल्हा पुस्तिका, भूसंपादनाच्या नोटिसा व निवाडे, गाव नमुने आणि १९७६ चा पुनर्वसन कायदा. हे दोन गठ्ठे शेजारी ठेवले की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. लाखो लहान नोंदी बिनचूक सांभाळणे हेच ज्याचे मुख्य काम, ते यंत्र राज्यात होते. मग बुडणाऱ्या गावांच्या नोंदी त्याच्यापर्यंत का पोचल्या नाहीत?

आधी यंत्र नीट पाहायला हवे, कारण मेनफ्रेम म्हणजे अवघड गणिते सोडवणारे अवाढव्य यंत्र ही समजूत अजूनही घट्ट आहे. तसली यंत्रे वेगळी होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६०० हा शास्त्रज्ञांचा संगणक. १४०१ चा पिंड कारकुनी होता. आयबीएमने तो १९५९ मध्ये जाहीर केला आणि पुढे जगभर असे दहा हजारांहून अधिक संच बसले. मुंबईत एस्सो तेल कंपनीकडे तो १९६१ मध्येच आला होता. त्याची स्मृती लहानातल्या लहान संचात १,४०० अक्षरांची आणि मोठ्यात १६,००० अक्षरांची. भोके पाडून मजकूर नोंदवलेल्या एका पंच कार्डावर ८० अक्षरे मावतात, म्हणजे मोठ्यात मोठ्या १४०१ च्या पोटात एका वेळी जेमतेम २०० कार्डांचा मजकूर राहील, आणि त्यातूनही चालू प्रोग्रामची जागा वजा करावी लागेल.

तरीही आयुर्विम्यासारख्या संस्थेला तो पुरत होता. नोंदी यंत्राच्या पोटात साठवायच्याच नव्हत्या. त्या राहायच्या कार्डांच्या गठ्ठ्यांत किंवा चुंबकीय फितींवर. यंत्र एक नोंद आत घ्यायचे, तिच्यावरचे काम उरकायचे, निकाल छापायचे आणि पुढची नोंद ओढायचे. कार्डवाचकाचा कमाल वेग मिनिटाला ८०० कार्डांचा, म्हणजे तासाला ४८,००० चा. शेजारच्या छपाईयंत्राचा पट्टा मिनिटाला ६०० ओळी छापायचा. बेरीज-वजाबाकी दशमान पद्धतीनेच व्हायची आणि आकड्यांच्या लांबीला ठरीव मर्यादा नव्हती, त्यामुळे हप्ते, व्याज, पगार अशा पैशाच्या हिशेबाला ते सोयीचे पडायचे. प्रत्येक अक्षरासोबत तपासणीची एक जादा खूण असे, आणि ती जुळली नाही तर यंत्र थांबे. चुकीचा आकडा पुढे ढकलण्यापेक्षा काम अडलेले बरे, हा मेनफ्रेमच्या घडणीतला मूळ आग्रह आहे आणि तो आजही सुटलेला नाही.

ह्या कामाची रीत महसुली दप्तराशी परिचय असलेल्याला लगेच कळेल. मूळ नोंदींची एक फीत. बदलांच्या कार्डांचा एक गठ्ठा, त्याच क्रमाने लावलेला. यंत्र दोन्ही ओळीने वाचते, जिथे बदल आहे तिथे तो लावते आणि नवी मूळ फीत लिहून देते. जुनी फीत आणि बदलांची कार्डे पुराव्यासाठी जपून ठेवतात. तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो, मंडळ निरीक्षक तो प्रमाणित करतो आणि मग त्याचा अंमल सात-बाराला येतो, त्याच चालीचे हे काम. शेवटी सगळ्या नोंदींच्या क्षेत्राची बेरीज करून ती आधीच्या बेरजेशी ताडायची. महसुलात ह्याला तेरीज म्हणतात. संगणकाच्या खोलीतही हीच बेरीज जुळल्याशिवाय दिवसाचे काम पुरे झाले असे धरत नसत.

उजनीच्या बुडीत क्षेत्रातला एक खातेदार कार्डावर कसा बसला असता, ते मांडून पाहता येते. जिल्ह्याच्या क्रमांकाला दोन रकाने, तालुक्याला दोन, गावाला तीन. गट किंवा सर्व्हे नंबरला चार आणि हिश्शाला दोन. खाते नंबरला चार. हेक्टर-आरमध्ये क्षेत्राला सहा, जिरायत की बागायत ह्याला एक, आकाराला पाच. हे झाले २९ रकाने, आणि खातेदाराच्या नावाला ५१ उरले. घर, विहीर, झाडे ह्यांच्यासाठी दुसरे कार्ड, त्यावर तोच खाते नंबर. मोबदला किती, तो दिला कधी, बदली जमीन कोणत्या गावी दिली, ह्यासाठी तिसरे. तिन्ही गठ्ठे खाते नंबरावर लावले की कोणाला मोबदला मिळाला पण जमीन नाही, कोणाची जमीन गेली पण घराची नोंदच नाही, ह्याची यादी छापून बाहेर येते. क्रम लावून जुळवणी करणे हे तर ह्या यंत्रांचे रोजचे काम, आणि एका तालुक्याच्या बुडीत गावांची कार्डे एका पाळीत वाचून झाली असती.

आता दुसरा गठ्ठा. १९७१ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ एप्रिल १९७१. धरणाचे काम सुरू होऊन दोनच वर्षे झालेली, गावे अजून जागेवर. त्यामुळे जिल्हा पुस्तिकेतल्या गावांच्या यादीला आज वेगळेच मोल आले आहे. गावाचे क्षेत्र, कुटुंबे, लोकसंख्या, साक्षर, शेतकरी, शेतमजूर, शाळा-दवाखाना-टपाल अशा सोयी, ओलिताखालची व कोरडवाहू जमीन, हे सगळे तिच्यात एका ओळीत येते. जुन्या गावठाणात नांदत्या गावाचे हे शेवटचे शिरगणतीचे चित्र. मात्र गावनिहाय प्राथमिक सारांश तेव्हा हातानेच तयार होत असे. व्यक्तिगत पत्रके वेगळी काढायची, गठ्ठे लावायचे, मोजायचे आणि तक्त्यात उतरवायचे. शिवाय जनगणना माणसे मोजते, त्यांची नावे छापत नाही. पुस्तिकेतून गावात शेतमजूर किती होते ते समजते. धरणाने कोणत्या शेतमजुराचे काम गेले हे तिच्यातून कधीच समजणार नाही.

नावे आहेत ती भूसंपादनाच्या कागदांत. १८९४ च्या कायद्याप्रमाणे कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस, कलम ११ चा निवाडा आणि निवाड्याची कलम १२(२) ची नोटीस, अशी ही साखळी. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली न्यायालयाकडे जाता येई. हा कायदा जमिनीला ओळखत असे आणि जमिनीवर ज्याचा हक्क नोंदला आहे त्याला ओळखत असे. कूळ असूनही ज्याचे नाव लागले नाही तो, वाटणी झाली पण खातेफोड झाली नाही असा धाकटा भाऊ, नदीवर पोट असलेला कोळी, ह्यांतले कोणीच त्या साखळीत सहजी सापडत नसे. पुनर्वसनाचा राज्याचा स्वतंत्र कायदा आला १९७६ मध्ये. बांधकाम सुरू झाल्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. माझ्या मते ह्या संपूर्ण कागदपत्रांतली सर्वांत जड तारीख हीच आहे. कोणाला काय द्यायचे हे कायद्याने ठरायच्या आधीच अनेकांची नोंद वेगळ्या हेतूने, वेगळ्या साच्यात होऊन गेली होती.

मग यंत्र का नाही? पहिले उत्तर दांडेकर समितीच्या नेमणुकीतच आहे. साताऱ्याचे विनायक महादेव दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राच्या कामगार मंत्रालयाने १९६९ मध्ये, म्हणजे उजनीचे काम सुरू झाले त्याच वर्षी, ही समिती नेमली. अहवाल १९७२ चा. विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा उभारला होता आणि कलकत्त्यात तर त्यांनी यंत्र चालू होऊ दिले नाही. समितीपुढचा मोठा प्रश्न रोजगाराचा होता: यंत्र आले तर कारकुनाचे काय? प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर देणे भागच होते. पण त्या सगळ्या वादात यंत्र येणार कुठे, तर कचेरीत, आणि बोलणार कोण, तर मालक व कर्मचारी. ज्याच्याबद्दलची नोंद त्या कचेरीत पडून आहे तो तिसरा माणूस वादात पक्षकार नव्हता.

दुसरे उत्तर पैशाचे. भारतात १४०१ सहसा विकत नव्हे, भाड्याने मिळे. लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतल्या संगणकांची झडती घेतली तेव्हा वापरलेली यंत्रे दुरुस्त करून इथे भाड्याने लावण्याच्या आयबीएमच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. अशा महाग यंत्रावर कोणते काम आधी चढवायचे हे संस्थेच्या गरजेने ठरले, आणि पगार, हप्ते, साठा व आकडेवारी ही कामे रांगेत पुढे राहिली.

तिसरे उत्तर मला सर्वांत वजनदार वाटते. १४०१ च्या छपाईपट्ट्यावर साधारणपणे ४८ चिन्हे असत: २६ रोमन अक्षरे, दहा अंक आणि बाकी विरामचिन्हे. देवनागरी त्यात नाहीच. इकडे १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत येत होता आणि तलाठ्याचे दप्तर तर आधीपासून मराठीतच. खातेदाराचे नाव रोमन लिपीत छापलेला कागद चावडीवर कोण वाचणार, आणि वाचून हरकत कोण घेणार? कायद्याचीही अडचण होती. जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे अधिकार अभिलेखातली आणि प्रमाणित फेरफाराची नोंद खरी धरली जाते, आणि ते बळ तिला रीतसर चौकशी व सहीने येते. यंत्राच्या कागदाला ते बळ नव्हते. इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता मिळाली माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने.

ही तिन्ही कारणे खरी आहेत, पण ती मालकीहक्काच्या नोंदीला लागू पडतात. दिलेल्या-न दिलेल्या मोबदल्याची यादी, बदली जमिनीच्या वाटपाची यादी, नव्या गावठाणातल्या भूखंडांची यादी, ह्या कामाच्या याद्या होत्या. त्यांना देवनागरी छपाईचा अभाव अडवत नव्हता, कारण खाते नंबर आणि गट नंबर अंकांतच असतात. तिथे मेनफ्रेमची सेवा तासावर घेता आली असती. धरणाच्या पाण्याची मोजणी आपण अंकांत काटेकोर ठेवली. यशवंतसागर ह्या उजनीच्या जलाशयाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी, हे आकडे काठावरच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. कुटुंबांच्या बाबतीत तसा एकत्र, ताडून पाहता येईल असा हिशेब त्याच तत्परतेने झाला नाही. यंत्र कमी पडले म्हणून असे झाले, ही सबब १४०१ चे माहितीपत्रक वाचल्यावर टिकत नाही.

पुढचे कागद झपाट्याने सरकतात. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये निघाली आणि महाराष्ट्रातला पहिला प्रायोगिक जिल्हा होता वर्धा. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिपींचे जिस्ट तंत्र तिथे पुढे वाढले. पडद्यावर देवनागरी आली आणि सात-बारा संगणकावर यायला वाट मोकळी झाली. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा २०१८ मध्ये मिळू लागला. उजनीत पाणी साठल्यानंतर हे सगळे घडले, म्हणून संगणकात आले ते नव्या गावांचे दप्तर.

मेनफ्रेमचा वंश मात्र थांबलेला नाही. १९६४ च्या सिस्टीम ३६० ने कार्डवाचक, फीत, छपाई ही कामे मुख्य प्रोसेसरवरून काढून स्वतंत्र चॅनलकडे देणे हा संपूर्ण मालिकेच्या रचनेचा भाग केला आणि जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चाललाच पाहिजे असा नियम घातला. २०२२ च्या झेड१६ मध्ये ४० टेराबाइटपर्यंत स्मृती आणि ग्राहकाच्या कामाला २०० पर्यंत कोअर मिळतात, एकच यंत्र आतून ८५ पर्यंत स्वतंत्र भागांत विभागता येते, आणि स्मृतीचा एखादा भाग बिघडला तरी चालू व्यवहार अडत नाही. १४०१ मधली ती तपासणीची एक खूण इथवर वाढत आली आहे. बँका आणि विमा कंपन्या ह्यासाठीच मेनफ्रेमवर पैसे मोजतात: एकही नोंद हरवता कामा नये.

काठावरच्या घरांत हा विषय अजून रोजचा आहे. राज्याच्या नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी लागणारा दाखला शेवटी संपादनाच्या जुन्या कागदावरच उभा राहतो. म्हणून करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. घरच्या ट्रंकेत निवाड्याची प्रत, कलम १२(२) ची नोटीस, जुना आठ-अ किंवा बदली जमिनीचा आदेश असेल तर गट नंबर, खाते नंबर आणि तारीख वाचता येईल अशी त्याची स्कॅन प्रत काढा, जुन्या गावाच्या नावाने ती एकत्र ठेवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या.