चहाची दुकानं, पावाचा हिशेब आणि माहिती प्रणालीचा पेपर

विज्ञानातून आलेल्या माझ्यासारख्याला ‘व्यवसाय माहिती प्रणाली’ हा विषय सुरुवातीला फार कोरडा वाटला. टीपीएस, एमआयएस, डीएसएस... व्याख्या पाठ केल्या, पेपरात त्या एकमेकींत मिसळल्या आणि पहिल्या खेपेला मी चक्क नापास झालो. दुसऱ्या खेपेला गाइड बाजूला ठेवून थोडा इतिहास वाचला. तुमची अंतिम परीक्षा जवळ आली असेल तर त्यातली ही एक गोष्ट नीट समजून घ्या.

जे. लायन्स ही इंग्लंडची कंपनी. पाव-केक बनवायची आणि चहाची दुकानं चालवायची. एकेका वस्तूवर नफा अगदी थोडा आणि विक्री प्रचंड, म्हणून हिशेबाला कारकुनांची फौज. 1947 मध्ये थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड हे तिचे दोन अधिकारी ऑफिसच्या नव्या पद्धती बघायला अमेरिकेला गेले. तिथे प्रिन्स्टनमध्ये गोल्डस्टाइन यांच्याकडून कळलं की केंब्रिजलाच संगणक बनतोय. काखेत कळसा! लायन्सने केंब्रिजच्या एडसॅक प्रकल्पाला 3,000 पौंड आणि मदतीला एक माणूस दिला. 1949 मध्ये एडसॅक चालू झाल्यावर त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ, म्हणजे ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’. 1951 मध्ये बेकरीच्या मालाचं मूल्यांकन त्यावर होऊ लागलं, पुढे पगारपत्रकंही.

यंत्र पिंकर्टन यांनी उभं केलं. पण परीक्षेसाठी महत्त्वाचे आहेत ते डेव्हिड कॅमिनर. प्रोग्रॅम लिहिण्याआधी मुळात काम कसं चालतं, कोणता कागद कुठून कुठे जातो, हे त्यांचा गट तपासायचा. ‘सिस्टिम्स अॅनालिसिस’ म्हणून आपण जे घोकतो ते हेच.

सगळ्यात मजेशीर भाग दुकानांच्या ऑर्डरचा. प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे ठरलेली ऑर्डर संगणकाकडे आधीच असायची. दुकानाच्या व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल कळवायचा. फोन घेणारी मुलगी ऐकता ऐकता कार्ड पंच करायची. रोज अख्खी यादी भरण्याची गरजच नाही! त्यावरून कोणत्या दुकानात काय पाठवायचं ते निघायचं, हा झाला व्यवहार-प्रक्रियेचा भाग, टीपीएस. त्याच आकड्यांची बेरीज, तुलना वरिष्ठांसमोर गेली की एमआयएस. माहिती तीच, वाचणारा बदलला. माझा गोंधळ नेमका इथे होता, मी दोन्हींना वेगवेगळी यंत्रं समजत होतो.

एक सावधगिरी. ‘जगातला पहिला व्यावसायिक संगणक’ असं मोघम लिहू नका. अमेरिकेत युनिव्हॅकही 1951 मध्येच जनगणना खात्याला मिळाला होता, आणि तो विक्रीसाठी बनवलेला होता. लिओचा मान वेगळा आहे: व्यवसायाचं रोजचं ऑफिसकाम संगणकावर नियमित करण्याचा. लायन्सनेही पुढे 1954 मध्ये वेगळी कंपनी काढून हे संगणक विकायला सुरुवात केली.

आता वही बंद करून फोनपासून बेकरीपर्यंतचा डेटा-फ्लो काढून बघा. ठरलेली ऑर्डर साठवायचा चौकोन विसरलात, तर फोनवरच्या ‘दोन पाव कमी’ला काही अर्थच उरत नाही. मी पहिल्यांदा काढला तेव्हा तोच विसरलो होतो.