रव्याचा बर्फ

घरी बरणीत स्नो ग्लोब करायचा म्हटलं की खरी अडचण बर्फाची. असं काय टाकावं, जे पाण्यात भुरभुरत, सावकाश खाली येईल? व्हिएन्नाच्या एर्विन पेर्त्सीला १९०० साली याचं उत्तर सापडलं, तेव्हा तो शोधत होता उजेड.

पेर्त्सी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा कारागीर. तेव्हाचे विजेचे दिवे मंद; शस्त्रक्रियेला उजेड पुरत नसे. युरोपातले बूट शिवणारे कारागीर फार पूर्वीपासून दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवत. तो भिंगाचं काम करी आणि उजेड एकवटून नेमका टाक्यावर पडे. पेर्त्सीने हीच युक्ती बल्बपुढे करून पाहिली. उजेड आणखी वाढावा म्हणून पाण्यात चकाकणारी पूड टाकली, ती झटकन तळाशी बसली. मग टाकला रवा. दिव्याचं काम काही साधलं नाही, पण पाणी प्यालेले पांढरे कण तरंगत, रेंगाळत उतरू लागले आणि त्याला हिमवर्षाव आठवला. पेर्त्सींच्या घराण्यात ही हकिकत अशी सांगतात.

त्याचा एक मित्र मारियात्सेल या ऑस्ट्रियातल्या तीर्थक्षेत्री यात्रेकरूंना आठवणवस्तू विकायचा. त्याच्यासाठी पेर्त्सीने तिथल्या चर्चची इवलीशी प्रतिकृती गोळ्यात बसवली, पेटंट घेतलं आणि १९०५ मध्ये भावासोबत व्हिएन्नाच्या हेर्नाल्स भागात कारखाना काढला. धंदा आजही त्याच घराण्याकडे आहे. आता बर्फ रव्याचा नसतो. कशाचा असतो, ते घराबाहेर कुणाला सांगत नाहीत.

पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात मात्र अशा वस्तू आधीच मांडलेल्या होत्या: पाण्याचा गोळा, आत छत्रीवाला माणूस, उलटा केला की त्याच्यावर पांढरी पूड पडे. म्हणजे पहिलेपणाचा मान पेर्त्सीला देता येत नाही. तरी माझ्या मते या वस्तूचा जीव त्या संथ पडण्यात आहे, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं घराणं त्याचंच.

घरच्या बरणीत रवा टाकू नका. तो आंबतो, पाणी गढूळ होतं. चमकी घ्या, किंवा आतला पापुद्रा काढून कुटलेलं अंड्याचं कवच. बाहुली झाकणाच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवून रात्रभर वाळू द्या. डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरा, नाहीतर वर हवेचा बुडबुडा फिरत राहतो. गोल बरणीतलं पाणीही भिंगच असल्यामुळे बाहुली आडवी फुगून दिसते, म्हणून ती जरा शेलाटी निवडावी. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन चमचाभर घातलं की पाणी किंचित दाटतं आणि चमकी हळू उतरते. जास्त झालं तर ती गोळा होऊन तळाला चिकटते. तेव्हा थोडं थोडं घालावं, बरणी उलटी करून पाहावं आणि पडणं मनासारखं झालं की मगच झाकण कायमचं बंद करावं.