तैता डोंगरावरचा कस्तूर: एका पक्ष्यामागची जमिनीची गोष्ट

आज जायचंय केनियात. मोम्बासाहून नैरोबीकडे निघालं की वाटेत वोई नावाचं गाव लागतं. आजूबाजूला कोरडं, काटेरी माळरान आणि त्यातूनच उठलेले तैता डोंगर. हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे या डोंगरांना अडतात, म्हणून माथ्यावर धुक्यातलं हिरवंगार रान.

या रानात राहतो तैता कस्तूर. काळसर डोकं, नारिंगी चोच, तांबूस कुशी. आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराचा हा जातभाईच! पडलेली पानं उलथून किडे टिपतो, रानफळं खातो आणि त्यांच्या बिया रानभर पेरतो. 1913 मध्ये एडगर मर्न्स या अमेरिकन अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. नाव दिलं एडमंड हेलर या संग्राहकावरून, ‘हेलेरी’.

पक्ष्याची नोंद झाली. रान मात्र घटत गेलं. का? ‘लोकांनी शेतीसाठी झाडं तोडली’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. इंग्रजी राजवटीत पायथ्याची बरीच जमीन घायपाताच्या मळ्यांकडे गेली. मग वाढत्या कुटुंबांनी शेत करायचं कुठे? चढावरच ना! जमिनीच्या याच प्रश्नावर तैता हिल्स असोसिएशन उभी राहिली. 1940 मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. पुढे काही भागात निलगिरी, पाइन, सायप्रस लावले. लांबून हिरवं दिसतं, पण कस्तुराला हवी ती फळं तिथे कुठली?

आता म्बोलोलो, न्गांगाओ आणि चाविया अशा मोजक्या तुकड्यांत तो उरलाय. पंख आहेत, पण दाट सावली सोडून उघडी शेतं ओलांडायला तो सहसा धजत नाही. 1990 च्या दशकाअखेरच्या अंदाजानुसार एकूण साधारण 1,350 पक्षी होते. त्यातले चावियात चाळीसच्या आतबाहेर!

तैता लोकांनी ‘फिघी’ नावाची पवित्र रानं पिढ्यान्‌पिढ्या राखली, आपल्या देवराईसारखी. म्हणजे रान राखणं त्यांना कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. आज तुकड्यांमध्ये देशी झाडं लावून ते जोडायचे असतील, तर आधी शेतकऱ्याचं पोट आणि त्याची जमीन यांचा विचार करावा लागेल. कस्तुराची वाट त्याच्याच बांधावरून जाते, मंडळी.