पिकलबॉलचा नाद टिकतो कशानं?

कोल्हापुरात नाद लागतो तो कुस्तीचा, फुटबॉलचा. आता पिकलबॉलचाही लागायला लागलाय. पहिल्या दिवशी हौसेनं सगळेच येतात. पण महिन्याभरानं कोण उरतं, आणि का? मला वाटतं, उत्तर या खेळाच्या जन्मातच आहे.

साल १९६५. अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांच्या घरची मंडळी सुट्टीत कंटाळली होती. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान पुरेसं नव्हतं. मग टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकांचा प्लॅस्टिक चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. नेट कमरेपर्यंत खाली आलं. नियम बसवायला मित्र बार्नी मॅकलमही आले. कोर्ट मात्र बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच राहिलं, ४४ बाय २० फूट.

गंमत बघा, त्या बॅडमिंटनचं एक जुनं नाव 'पूना'! १८७० च्या दशकात इंग्रज अधिकारी ते पुण्यात खेळायचे. म्हणजे हा खेळ आपला लांबचा पाहुणाच. भारतात तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांनी तो १९९९ मध्ये कॅनडात पाहिला आणि २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी केली.

आता मुद्द्याचं. घरातल्या लहानथोरांनी मिळून खेळायचं, म्हणून नियमही तसेच झाले. सर्व्हिस खालून. सर्व्हिस आणि तिचं उत्तर, दोन्ही एकदा टप्पा पडूनच मारायचं. नेटपासून ७ फुटांत उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. त्यामुळं ताकदवान गडी नवख्याला लगेच झोपवू शकत नाही. पहिल्याच दिवशी रॅली जमते, आणि माणूस उद्या परत येतो.

पण वर्षभर टिकायला तेवढं पुरत नाही भावांनो. पाटाकडील, दिलबहार ही नावं आठवा. तालमीची नावं, पण मैदानात फुटबॉलचे संघ! इथं पोरगं खेळतं ते पेठेसाठी, तालमीसाठी. कोणीतरी हाक मारतं, म्हणून ते मैदानावर जातं.

पिकलबॉलचं कोर्ट मात्र तासावर भाड्यानं मिळतं. चौघं ओळखीचे आले, खेळले, गेले, तर पाचवा नवखा बाहेरच राहतो. म्हणून जुन्या खेळाडूंना माझं सांगणं एवढंच: दर डावाला जोडी बदला, नव्याला आत घ्या, आणि तो दोन दिवस दिसला नाही तर फोन करा. खेळ नियमांनी सुरू होतो, पण टिकतो तो अशा हाकेनं.

भेटू पुढच्या भागात!